कळकाकूंची बरणी

आमच्या गल्लीत एक कुजबुज बरीच वर्षं तग धरून होती. कळकाकूंकडे जुना संगणक तपासायला दिला, तर त्या तो परत देतात खरा, पण आतलं काहीतरी काढून घेऊन. काय काढतात ते कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणे आतलं सोनं. कुणी म्हणे मेंदू. चावीवाला तर छातीठोकपणे सांगायचा, की त्या मशीनचं काळीज काढतात आणि बरणीत घालतात. बरणी मागच्या खोलीत, सगळ्यात वरच्या फळीवर, आणि झाकण घट्ट. 'झाकण घट्ट' म्हणताना तो आवाज असा खाली आणायचा, की ऐकणाऱ्याचा आधीच्या सगळ्यावर आपोआप विश्वास बसायचा.

परक्यानं उठवलेली अफवा दोन दिवस टिकते. घरच्यानं उठवलेली निवृत्त होईपर्यंत चालते. ही घरचीच होती. कळकाकूंच्या सख्ख्या नणंदेनं ती बरणी डोळ्यांनी पाहिली होती.

नणंदबाईंचं केस कापायचं आणि रंगवायचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. माझ्या डोक्यावर आता केस म्हणजे वाटाड्या नसलेले यात्रेकरू, तरी मी आठवड्यातून एकदा तिथं जाऊन बसतो. त्या दुकानात केस पडतात आणि बातम्या उगवतात. तिथंच मी ती गोष्ट पहिल्यांदा ऐकली. नणंदबाई काही कारणानं वहिनीच्या मागच्या खोलीत गेल्या, तर वहिनी एका उघड्या मशीनवर वाकलेली. पकडीनं तिनं आतून काहीतरी उपटलं आणि बरणीत टाकलं. नणंदबाईंनी विचारलं, "काय गं काढलंस?" त्यावर वहिनी म्हणाली, "हूं."

एवढंच. ओठांत स्क्रू धरलेल्या बाईनं दुसरं काय म्हणायचं? पण त्या एका हुंकारावर नणंदबाईंनी जी इमारत उभी केली, तिच्यात गल्लीतली निम्मी माणसं राहायला गेली. पुन्हा एकदा नीट विचारलं असतं तर वहिनीनं सांगितलंही असतं. पण विचारलं की बातमी मरते, हे काय तुम्हाला मी सांगायला हवं?

'कळकाकू' हे नावही गल्लीनंच ठेवलेलं. कळफलकावरच्या कळा एकेक उपसून, धुऊन, गॅलरीत टॉवेलवर वाळत घालायच्या, म्हणून कळकाकू. कळ लावण्याशी त्याचा काही संबंध नाही. ते खातं नणंदबाईंनी आणि मी आपसांत वाटून घेतलं होतं.

तरुणपणी त्या घरगुती संगणक बनवणाऱ्या एका कंपनीच्या दुरुस्ती विभागात होत्या. कळफलकाच्या पोटातच सगळं यंत्र असायचं, टीव्हीला जोडायचा, पोरं त्यावर खेळ खेळायची आणि आईबापांना वाटायचं अभ्यास चाललाय, ते संगणक. कंपनी बसली तेव्हा इतरांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले, एकानं तर दार नेलं. कळकाकूंनी स्क्रूड्रायव्हरांचा संच तेवढा आणला. लोक हसले. मग बरीच वर्षं गेली, तीच डबडी लोकांना पुन्हा हवीशी वाटू लागली, आणि जो तो माळ्यावरून एकेक काढून फडक्यात गुंडाळून त्यांच्या दारात उभा राहू लागला. "काकू, याचं काय येईल हो?"

येईल काय ते नंतर. आधी त्यांची तपासणी बघण्यासारखी. माझा आणि त्यांच्या नवऱ्याचा बुद्धिबळाचा डाव वर्षानुवर्षं त्याच खोलीत चाललाय, त्यामुळे मी ती शंभरदा पाहिली असेल; हरत असलो की जास्तच लक्ष देऊन.

आल्या आल्या प्लग लावायचा नाही, हा पहिला नियम. लोकांना नेमका तोच पटत नाही.

"लावून तर बघा, परवाच चालू होतं!"

"बेशुद्ध माणूस आणला, तर आधी त्याला पळायला लावता का?" असं म्हणून काकू मशीन उचलत, आणि नाकाशी नेत.

हो, हुंगत. माणसं चपापत. पण वासात सगळं असतं. कुबट वास म्हणजे तळघर. सिगारेटचा वास म्हणजे बाबांची खोली. शिळ्या मासळीसारखा वास आला तर आतले कपॅसिटर गळायला लागलेत. मग मशीन हलकेच कलतं करून ऐकायचं, आत काही खुळखुळतंय का. मग उपडं. स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे दिसले, की 'मला येतं, द्या इकडे' म्हणणारा कुणी दीर किंवा मेव्हणा येऊन गेलेला आहे. मग वरचं आणि खालचं झाकण एकाच मशीनचं आहे की दोन मशीनचा पाट लावलाय, ते आकडे जुळवून बघायचं. मग पिवळेपणा. जुनं प्लॅस्टिक उजेडानं पिवळं पडतं; डावी बाजू जास्त पिवळी, तर खिडकी डावीकडे होती. मध्येच एखादा पांढरा चौकोन, तर तिथं काहीतरी चिकटवलेलं होतं आणि विकायच्या आधी घाईनं काढलंय.

आणि शेवटी कळा. मला चहाड्या करायला माणसं लागतात; या बाईला नुसता कळफलक पुरायचा. एकदा एक जोडपं आलं होतं. गृहस्थ म्हणाले, "मी यावर फक्त घरखर्चाचा हिशेब करायचो." काकूंनी कळांवरून अंगठा फिरवला. आकड्यांच्या कळा नव्या कोऱ्या, बाणांच्या कळा आणि लांब पट्टी झिजून काचेसारखी गुळगुळीत. "बराच उड्या मारायचा की हो तुमचा हिशेब," काकू म्हणाल्या. बाई नवऱ्याकडे अशा बघायला लागल्या, की दादांनी आपला डाव गुंडाळून चहा टाकायला पळ काढला.

दादा म्हणजे काकूंचे यजमान, आणि नणंदबाईंचे थोरले भाऊ. बायको आणि बहीण यांच्या मधोमध उभं राहून माणूस एवढी वर्षं जगतो कसा, याचं उत्तर म्हणजे दादा. तोंड उघडायचंच नाही. घरात त्यांचं काम, विजेरी धरणं आणि स्क्रू सांभाळणं. स्क्रू ते आपल्या औषधाच्या डबीत ठेवत, वारांचे खण असलेल्या. सोमवारच्या खणात वरच्या झाकणाचे, मंगळवारच्या खणात खालचे. एका मंगळवारी एक स्क्रू कमी भरला. त्या दिवशी दादा सकाळपासून पोटावर हात ठेवून बसले होते, पण शपथेवर कुणी काही सांगायला तयार नाही.

सगळं बघून झालं, की काकू मशीनची जात सांगत. त्यांच्या जाती चारच. 'माळ्यावरचं', म्हणजे विसरलेलं. 'सजवलेलं', म्हणजे विकण्यासाठी घासूनपुसून रंगवलेलं, यापासून सावध. 'भांडणातलं', म्हणजे वायर रागानं हिसडून काढलेलं, ते तिथल्या तिरक्या पडलेल्या छिद्रावरून दिसतं. आणि 'नांदलेलं'. रोज वापरलेलं, रोज पुसलेलं, कुणाच्या तरी हाताखाली झिजलेलं. काकूंच्या लेखी हे सगळ्यात वरचं. बाजाराचं मात्र तसं नव्हतं. बाजाराला हवं असायचं कधीच न उघडलेलं, खालच्या एका स्क्रूवर कंपनीचं कागदी सील शाबूत असलेलं.

या बाजाराचा आमच्याकडचा वकील म्हणजे हातमोजेवाला. जुनी मशीनं गोळा करणारा गृहस्थ, नेहमी पांढऱ्या हातमोज्यांत. कॉफीचा कपही हातमोज्यांनीच धरायचा. एकदा तो एक सीलबंद मशीन घेऊन काकूंकडे आला, आणि काकू सरळ म्हणाल्या, "उघडावं लागेल."

"उघडावं? अहो, सील शाबूत आहे म्हणून तर किंमत आहे!"

"सील शाबूत म्हणजे आतलं दुखणंही शाबूत."

तो मशीन छातीशी धरून जो गेला, तो थेट नणंदबाईंच्या दुकानात. तिथं त्याला बरणीची हकिकत कळली. आणि त्याच्या बाजूनं सगळा उलगडा झाला: उघडायचा एवढा आग्रह का, तर हे!

नणंदबाईंकडेही एक मशीन होतं. त्यांच्या मुलाचं. शाळेत असताना त्यानं त्यावर डोळे लाल होईपर्यंत बसून स्वतःचा एक खेळ लिहिला होता. मोठा झाला, दूर गावी नोकरी मिळाली, आणि निघण्याच्या दिवशी मायलेकांचं वाजलं. "या डबड्यानं तुझं डोकं फिरवलंय," असं म्हणून नणंदबाईंनी वायर हिसडली. तो बॅग उचलून गेला. मशीन त्यांनी दुकानाच्या कपाटात जुन्या टॉवेलांखाली घातलं आणि कपाट लावून घेतलं. पुढं तसं तुटलं काही नाही. फोन यायचा. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" "बरा आहे." एवढ्या दोन-तीन वाक्यांत वर्षं गेली. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, तीही आजीशी फोनवर 'बरी आहे' एवढंच बोलायला शिकली.

आणि एके दिवशी फोन वेगळाच आला. नणंदबाईंनी तो मला दुकानात साभिनय करून दाखवला.

"आई, माझं मशीन आहे का गं अजून?"

"आहे म्हणजे? तळहातावरच्या फोडासारखं जपलंय!"

"पुढच्या आठवड्यात येतोय आम्ही. पोरीला तो खेळ दाखवायचाय. तिला वाटतं तिचा बाप जन्मतःच कंटाळवाणा होता."

एवढ्या वर्षांत मुलानं आईकडे काही मागितलं ते हेच. फोन ठेवल्यावर नणंदबाई कात्री हातात घेऊन कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या. खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं हळूच मान काढून घेतली.

कपाटातून मशीन निघालं ते हळदीसारखं पिवळं. हातमोजेवाला धावत आला, उपडं करून बघितलं, आणि त्याचा श्वासच अडकला. "बाई, सील शाबूत! कुणालाही उघडू देऊ नका. कुणालाही!" आणि वहिनीच्या घराच्या दिशेनं भुवई उडवली.

"पण चालू व्हायला हवं ना?"

"चालू कशाला? सीलबंद, बंद, तसंच शोभतं ते."

आता बघा पेच. मशीन जागं करू शकणारं माणूस सगळ्या गावात एक, आणि त्या माणसाच्या हाती ते न देण्याचं कारण नणंदबाईंनी स्वतःच एवढी वर्षं गावाला पटवलेलं. मग त्यांनी ठरवलं, निदान पांढरं तर करू. आतलं बघू पुढं. वहिनी पिवळी झाकणं कशानं पांढरी करते ते त्यांना माहीत होतं, कारण केस फिके करायचं क्रीम ती त्यांच्याच दुकानातून न्यायची. वहिनी झाकण सोडवते, क्रीम लावते, प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळते, उन्हात ठेवते आणि सारखी जाऊन क्रीम सारखं करते. नणंदबाईंनी विचार केला, ऊन कशाला? आपल्याकडे काय यंत्रं नाहीत?

त्यांनी मशीन आख्खंच्या आख्खं गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. खांद्याला टॉवेल. ब्रशनं क्रीम, अगदी मुळापासून टोकापर्यंत. वरून कागद. आणि डोक्यावर केस वाळवायची ती मोठी टोपी ओढली, बटण शेवटच्या आकड्यावर. तेवढ्यात औषधवाल्याची बायको आत आली, आणि तिच्या धाकट्या जावेच्या काडीमोडाची बातमी अशी काही रसाळ होती, की नणंदबाई बसल्या ऐकत. मधलं बारीकसारीक काही राहू नये म्हणून त्यांनी दोनदा पहिल्यापासून सांगायला लावलं.

कागद काढला तेव्हा मशीनवर पट्टे उठले होते. क्रीम जिथं ओलं राहिलं तिथं पांढरा, जिथं वाळलं तिथं पिवळा. टोपीला टेकलेला कोपरा वितळल्या मेणबत्तीसारखा खाली झुकला होता. क्रीम कळांच्या फटींतून आत उतरलं होतं, आणि निम्म्या कळा दाबल्या की तिथंच बसत होत्या.

हातमोजेवाला संध्याकाळी आला. बघितलं. एकेक बोट मोकळं करत त्यानं हातमोजे काढले, घडी केली, खिशात घातले. त्याचे हात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. "बाई," तो म्हणाला, "हे मशीन राहिलं नाही. ही केशरचना झाली."

दुसऱ्या दिवशी दुपारी दादांनी माझा वजीर नुकताच मारला होता, तेवढ्यात दारात नणंदबाई. दुकानाचा एप्रन तसाच, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं ओझं.

"वहिनी आहे का?"

दादांनी पटाकडे बघत मान हलवली. आतून काकूंचा आवाज आला, "या वन्सं. बरणी वरच आहे, घाबरू नका."

म्हणजे बाईला सगळं ठाऊक होतं! एवढी वर्षं! मी दादांकडे बघितलं; दादा घोड्याकडे बघत होते.

नणंदबाईंनी टॉवेल सोडला. काकू पट्ट्यांकडे बघत राहिल्या. त्यांचा ओठ थरथरला. मला वाटलं रडतात, पण तसं काही नव्हतं. "वन्सं, मशीनला वारा कमी घातला असता तर अजून खुललं असतं."

"हस. हस गं. मी हसण्यासारखंच केलंय." नणंदबाई मटकन खुर्चीत बसल्या. "वहिनी, तो येतोय. पोरीला दाखवायचंय म्हणाला. मी म्हटलं, जपलंय. एवढंच एक मागितलंय गं त्यानं. ते चालू झालं नाही ना, तर तो काही बोलायचा नाही. 'असू दे' म्हणेल. आणि मग पुन्हा 'बरी आहेस ना, बरी आहेस ना'..."

काकूंनी हसणं गिळलं. मशीन उचललं, नाकाशी नेलं. केसांच्या क्रीमखालून काहीतरी आलं असावं, कारण त्यांचा चेहरा बदलला. उपडं केलं. सीलवर बोट ठेवलं.

"हे फोडलं, की बाजाराच्या दृष्टीनं उरलीसुरली किंमत गेली. हातमोजेवाला म्हणतो ते त्याच्या जागी बरोबर आहे."

"जाऊ दे."

"मग तुम्हीच फोडा. मशीन तुमचं आहे." त्यांनी पातं नणंदबाईंच्या हातात दिलं. "आणि इथंच बसा. मी काय काढून घेते ते समोरच बघा."

गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा फिरवावा, तसं नणंदबाईंनी ते त्या चिटोऱ्यावर फिरवलं. कागद टरकला. दादांनी विजेरी धरली, स्क्रू सोमवारात गेले, आणि झाकण उठलं.

आत सर्किटच्या हिरव्या पाटीवर, एका कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढं निळ्या सालीचं एक नळकांडं. त्याच्या दोन्ही टोकांना मोरपंखी रंगाची भुरी चढलेली. भुरी तिथून पसरत शेजारच्या बारीक तांब्याच्या रेघांवर गेली होती, आणि जिथं गेली होती तिथं रेघा काळ्या पडल्या होत्या.

"हे गं काय?"

"हेच ते. बसल्या जागी गळतं. कुणाला आवाज नाही, काही नाही. आणि शेजारच्याला खात सुटतं." काकूंनी पकडीनं ते उपटलं. दादांनी न सांगता फळीवरून बरणी काढून झाकण उघडून धरलं. टण्.

नणंदबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बरणीकडे. बसल्या जागी गळून शेजारच्याला खाणारी जात आमच्या ओळखीची होती, पण त्या दिवशी तो विषय कुणी काढला नाही.

काकू भिंग लावून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "काठावर खाल्लंय. मोठ्या चिपच्या पायांपर्यंत आलंय, पण पाय धरलेले नाहीत. अजून थोडं राहिलं असतं कपाटात, तर गेलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे वन्सं, ते पट्टे उठले नसते ना, तर तुम्ही हे सीलबंदच ठेवलं असतं. तुमच्या त्या टोपीनं मशीन वाचवलं."

नणंदबाईंनी नाक पुसलं आणि लगेच मान ताठ केली. "मग! चांगल्या कंपनीची आहे टोपी."

मग काकूंनी अंगठा कळांवरून फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. वायरीच्या छिद्रापाशी थांबल्या. ते तिरकं होतं. पुन्हा कळांवर आल्या. खिडकीपाशी नेऊन मशीन कलतं धरलं.

"वन्सं, यावर दोघं बसायची. एकजण नखं कुरतडणारा. त्याच्या बोटांनी कळा गुळगुळीत झाल्यात. दुसरं माणूस लांब नखांचं. बघा, बाणांच्या कळांवर बारीक ओरखडे आहेत, नखाच्या टोकाचे. आणि लांब पट्टीच्या कडेला हा लाल ठिपका. नखांच्या रंगाचा."

नणंदबाईंनी दोन्ही हात झटकन एप्रनच्या खिशात घातले. "मी? त्या डबड्याला? मी हात नाही लावला कधी."

"बरं."

"पोराच्या मैत्रिणी यायच्या."

"बरं."

"वहिनी, 'बरं' म्हणू नकोस!"

"मग याची जात काय लावायची?" दादांनी विचारलं. त्या दुपारी ते बोललेलं हे पहिलं वाक्य. "वायर तर हिसडलेली दिसतेय. भांडणातलं?"

काकू म्हणाल्या, "भांडण एका दिवसाचं आहे. नांदणं वर्षांचं. नांदलेलं लिहा."

पुढचे दिवस ती मागची खोली म्हणजे एक लहान दवाखाना झाली. ती भुरी व्हिनेगरनं पुसली. "सॅलडवर घालतो तेच?" नणंदबाईंनी विचारलं. तेच. मग पाटी स्पिरिटनं धुऊन वाळवली. तुटलेल्या रेघेवरून काकूंनी केसाएवढी तार ओढून जोड दिला. विजेचा डबा वेगळा तपासला. कळा सगळ्या उपसल्या, आणि कळांमधून क्रीम काढायचं काम नणंदबाईंना मिळालं. दुकान अर्धा दिवस बंद ठेवून त्या दात घासायच्या ब्रशनं एकेक कळ घासत होत्या. नणंद-भावजय एका टबात हात घालून बसलेल्या पाहिल्या आणि चावीवाला गॅलरीखाली उभाच राहिला. त्याच्या अफवांच्या धंद्याचं नुकसान होत होतं.

खेळ ज्या चुंबकीय चकतीवर साठवलेला होता ती कुठं आहे, हा प्रश्न मात्र शेवटच्या दिवशी निघाला.

"दुकानात आहे की. खणात."

काकूंचा रंगच उडाला. "वन्सं, कात्र्या चिकटवायचं चुंबक आहे तो खण तर नव्हे?"

"नाही गं! त्याच्या खालचा. केसांच्या जाळ्यांचा."

"मधे किती अंतर?"

"वीतभर असेल. जास्त नाही." मग नणंदबाईंच्या लक्षात आलं, आणि त्या धावल्या. आयुष्यात मी त्यांना बातमीशिवाय धावताना पाहिलं ते तेवढंच.

चकती आली. टीव्ही जोडला. आम्ही चौघं त्या पडद्यासमोर असे बसलो, जसा काही निकाल लागणार आहे. काकूंनी प्लग लावला. बटण दाबलं. पडदा काळा. मग राखाडी. मग चकतीचा खण खर्र, खर्र करून थांबला. पुन्हा खर्र. नणंदबाईंनी माझं मनगट धरलं होतं. नखं अजून लांब आहेत, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

आणि पडद्यावर एक ठेंगणी बाई आली. हातात भली मोठी कात्री, आणि तिच्या पुढं पळणारं एक झिपरं पोरगं. खाली दोन ओळी लुकलुकत होत्या. पहिली, 'अवघड'. दुसरी, 'आईसाठी सोपं'.

"ही दुसरी ओळ नव्हती," नणंदबाई म्हणाल्या. आवाज अगदी खाली. "ही त्यानं निघायच्या आधी घातली असणार. त्याला माहीत होतं. मी खेळते ते माहीत होतं त्याला." मग एकदम त्यांचा पारा चढला. "पण सोपं? मला सोपं? अरे, तो शाळेत गेला की मी त्याचा गुणांचा विक्रम रोज मोडायचे! मला सोपं कशाला?"

काकू म्हणाल्या, "बरं."

त्या हसण्याला मग धरबंध राहिला नाही. दादा तर इतके हसले, की डबी कलंडली आणि सगळे वार एकमेकांत मिसळले.

पोरगा आला, मुलीला घेऊन आला. मशीन दुकानातच मांडलं होतं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीसमोर. त्यानं आधी ते झुकलेलं टोक बघितलं, मग पट्टे बघितले.

"आई, याला काय झालं?"

"हायलाइट्स," आई म्हणाली.

नातीनं 'आईसाठी सोपं' निवडलं आणि लगेच आपटली. आजीनं तिला कोपरानं बाजूला सारलं, 'अवघड' निवडलं आणि त्या झिपऱ्या पोराला कोपऱ्यात गाठून दाखवलं. मुलगा मागं उभा होता. "तुझ्यासाठी केलं होतं मी सोपं," तो म्हणाला. "अपमान केलास माझा," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. मग दोघं जे बोलायला बसली, ते दुकान बंद व्हायची वेळ टळली तरी उठेनात. गिऱ्हाइकं परत गेली. मी मात्र थांबलो होतो. मुलगी विचारत होती, आजी आणखी काय काय लपून करायची; आणि आजी चक्क सांगत होती.

हातमोजेवालाही मग एकदा काकूंकडे आला, ते जुनंच सीलबंद मशीन छातीशी धरून. म्हणाला, उघडा.

आता बरणीचं. अफवा खरी होती. कळकाकू जवळजवळ प्रत्येक मशीनमधून एक वस्तू काढून घेत. ती म्हणजे आतल्या घड्याळाची बॅटरी. ती गळते आणि पाटी खाते, म्हणून आधी तीच काढायची. बरणी भरली की दादा ती कचरा-केंद्रावर नेऊन रिकामी करून आणत. झाकण घट्ट असायचं, कारण वास येतो.